मिस्कोआकचा वाडा

मेक्सिको शहराच्या भुयारी रेल्वेवर मिस्कोआक नांवाचें एक स्थानक आहे. तेथें उतरून वर आलेल्या प्रवाशास रुंद हमरस्ते, उंच इमारती आणि वाहनांचा अखंड लोंढा यांखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. या जागीं शंभर वर्षांपूर्वीं बागबगीच्यांचें एक स्वतंत्र गांव होतें, आणि शहरांतून येथें यावयाचें तर ट्रॅमगाडींत बसून यावें लागे, असें कोणीं सांगितलें तर तें त्यास खरें वाटणार नाहीं. परंतु हमरस्ता सोडून थोडें आंत शिरलें कीं एक लहानसा चौक लागतो. जुनीं झाडें, बसावयास बांकें, एका अंगास सान हुआनचें जुनें ख्रिस्तमंदिर. दुसऱ्या अंगास गोमेझ फारियास या एकोणिसाव्या शतकांतील उदारमतवादी पुढाऱ्याचें घर, ज्यांत आतां इतिहाससंशोधनाची एक नामांकित संस्था आहे. आणि त्याच चौकांत, उंच भिंतींच्या आड, दोमिनिकन पंथाच्या जोगिणींचा एक मठ. या मठाची वास्तु म्हणजेच पाझ घराण्याचा जुना वाडा. शेजारच्या रस्त्याला इरेनेओ पाझ हें नांव आहे. पिरामिड पाहावयास आणि रंगीत बाजार हिंडावयास आलेले प्रवासी इकडे सहसा फिरकत नाहींत, आणि जोगिणींच्या शांततेच्या दृष्टीनें तें बरेंच आहे.

ऑक्टाव्हिओ पाझ हें नांव आपल्याकडील वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. १९९० सालचें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणारा मेक्सिकन कवि, आणि १९६२ पासून १९६८ पर्यंत दिल्लींत आपल्या देशाचा राजदूत म्हणून राहिलेला मुत्सद्दी, एवढें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु हा मनुष्य वयाच्या सतराव्या वर्षापासून मरेपर्यंत कोणत्या ना कोणत्या मासिकाच्या उठाठेवींत गुंतलेला होता, ही गोष्ट त्याच्या कवितेच्या तेजापुढें मागें पडते. मला मात्र त्याच्या आयुष्याचें सूत्र तेथेंच सांपडतें असें वाटतें. आणि त्या सूत्राचें एक टोंक मिस्कोआकच्या या भिंतींच्या आड आहे.

या वाड्याचे कर्ते पुरुष म्हणजे आजोबा इरेनेओ पाझ. १८३६ सालचा त्यांचा जन्म. तरुणपणीं ते मेक्सिकोवर चालून आलेल्या फ्रेंच फौजांशीं लढले, तुरुंगांत गेले, तेथून सुटले; पुढें त्यांनीं ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, स्वतःचा छापखाना घातला, आणि 'ला पात्रिआ', म्हणजे 'मायभूमि', या नांवाचें वर्तमानपत्र १८७७ पासून तब्बल सदतीस वर्षें चालविलें. पोर्फिरिओ दियाझ या सेनापतीच्या बंडांत ते त्याच्या पक्षास मिळाले होते. याच दियाझनें पुढें देशावर तीस वर्षांहून अधिक काळ एकहातीं सत्ता गाजविली. १९१० सालीं मेक्सिकन राज्यक्रांतीचा वणवा पेटला, आणि इरेनेओचा मुलगा, आपल्या कवीचा बाप, नेमका दुसऱ्या बाजूस गेला. तो वकील होता; शेतकऱ्यांच्या जमिनीसाठीं लढणाऱ्या एमिलिआनो झापाताचा पक्ष घेऊन त्याचा प्रतिनिधि म्हणून तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेला. नातू जन्मला तो ३१ मार्च १९१४ या दिवशीं, आणि त्याच वर्षीं 'ला पात्रिआ' बंद पडलें. छापखाना गेला, पैसा गेला. राहिला तो वाडा आणि त्यांतील सहा-सात हजारांवर भरतील असें वाटणारें, भिंतीच्या भिंती अडविणारें ग्रंथालय.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकास हें चित्र परकें वाटणार नाहीं. एका छपराखालीं आजोबा, आई, एक अविवाहित आत्या आणि जाऊन-येऊन असलेले वडील. आजोबांच्या गोष्टी फ्रेंचांशीं झालेल्या लढायांच्या, वडिलांच्या गोष्टी झापाताच्या. जेवावयास बसलें कीं दोन पिढ्यांच्या दोन लढाया पुन्हां नव्यानें लढल्या जात, आणि मधें बसलेला पोरगा दोघांचेंही ऐकत असे. वडील ज्यांचे खटले चालवीत ते शेतकरी आणि झापाताच्या फौजेंतील जुने सरदार घरीं येत, तेही याच टेबलाशीं बसत. आई होसेफिना ही अंदालुसियाहून आलेल्या स्पॅनिश घराण्यांतील, देवभोळी. आजोबा धर्मोपाध्यायांच्या नांवानें बोटें मोडणारे. आत्या अमालिया हिनें भाच्यास फ्रेंच शिकविलें आणि ह्यूगो व रूसो यांची ओळख करून दिली. अशा घरांतील मुलास लहानपणींच एक गोष्ट कळून चुकते. आपलीं प्रेमाचीं माणसें एकमेकांच्या अगदीं विरुद्ध मतांचीं असूं शकतात, आणि तरीही दुसऱ्या दिवशीं त्यांना एकाच पंगतीस बसावें लागतें.

पुढें हा वाडा खचत गेला. दुरुस्तीस पैसा नव्हता. एखाद्या खोलीचें छत खालीं येण्याच्या बेतास आलें कीं त्या खोलींतील सामान उचलून शेजारच्या खोलींत न्यावयाचें, असा क्रम कित्येक वर्षें चालला होता. एक भिंत अर्धी पडलेल्या मोठ्या खोलींत आपण काय दिवस काढले, आणि वाऱ्यापावसास अडविण्यासाठीं तेथें नुसते आडपडदे कसे लावले होते, हें पाझनें म्हातारपणीं एका मुलाखतींत सांगितलें आहे. बागेंत अंजिराचें एक मोठें झाड होतें. तें त्याच्या कवितेंत वारंवार येतें. वाड्याबाहेर चुलत-मावस भावंडांबरोबर उंडारतांना या मुलांना एक मातीचा उंचवटा दिसला, आणि तो स्पॅनिश लोकांच्या पूर्वींच्या काळांतील एक लहान पिरामिड निघाला. मिस्कोआकचें प्राचीन दैवत म्हणजे मेघसर्प. त्याच्याच नांवावरून गांवाचें नांव पडलें. हा पिरामिड आज हमरस्त्याच्या कांठीं, मोटारींच्या आवाजांत, जपून ठेवलेला आहे.

मधलीं कांहीं वर्षें मायलेकरें लॉस एंजेलिस येथें वडिलांकडे जाऊन राहिलीं. तेथील बालवर्गांतला एक प्रसंग पाझनें लिहून ठेवला आहे. दुपारच्या खाण्याच्या वेळीं त्याला चमचा हवा होता. इंग्रजी शब्द येत नव्हता, म्हणून त्यानें स्पॅनिश शब्द उच्चारला. सारीं मुलें तोच शब्द घेऊन त्याला चिडवूं लागलीं, आणि प्रकरण मारामारीवर गेलें. हा झाला परमुलुख. पण स्वदेशीं परत आल्यावर, त्याचे निळे डोळे आणि पिंगट केस पाहून मिस्कोआकच्या शाळेंतील पोरांनीं त्याला परका ठरविलें, आणि तेथेंही मारामारी झालीच! पुढें १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एकांताचा चक्रव्यूह' या ग्रंथांत त्यानें सबंध मेक्सिकन राष्ट्राच्या मनांतील एकटेपणाची चिकित्सा केली. मेक्सिकन मनुष्य हंसतांना, उत्सवांत, मरणासमोर, कोणता मुखवटा चढवितो, याचें तें विवेचन आजही तेथील विद्यार्थ्यांना वाचावें लागतें. त्या ग्रंथावर टीकाही पुष्कळ झाली आहे. परंतु त्याचें बीज एका चमच्यांत होतें, हें मला फार मोलाचें वाटतें.

मिस्कोआकहून ट्रॅमनें तरुण पाझ शहराच्या गाभ्यांत, सान इल्देफोन्सोच्या विद्यालयांत शिकावयास जाऊं लागला. जेसुइटांनीं बांधलेली ही लाल दगडाची भव्य वास्तु, तिचे एकांत एक उघडणारे चौक आणि भिंतींवरील ओरोस्को प्रभृति चित्रकारांचीं प्रचंड भित्तिचित्रें पाहिल्याखेरीज कोणीही मेक्सिकोहून परत येऊं नये. तेथून कांहीं पावलांवर शिक्षणखात्याची इमारत आहे, आणि तिच्या भिंती दिएगो रिव्हेरानें रंगविल्या आहेत. मराठी माणसानें तेथें जरा थांबावें. 'आमची भाकरी' या चित्रांत भोजनाच्या टेबलाच्या मध्यभागीं बसून भाकरी मोडणारी जी आकृति आहे, ती वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांची म्हणून ओळखली जाते. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनीं तेथें काम केलें आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढल्या. ज्या वर्षांत पाझ या गल्लींतून शाळेंत जात-येत होता, त्याच वर्षांत खानखोजे मेक्सिकोंतील शेतकऱ्यांना शिकवीत होते. दोघांची भेट झाली कीं नाहीं हा प्रश्न सोडून देऊं. पण झापाताच्या पक्षाच्या त्या वकिलाला, म्हणजे पाझच्या वडिलांना, वर्ध्याच्या या गृहस्थाचें काम मनापासून आवडलें असतें.

१९३१ सालीं, सतराव्या वर्षीं, पाझनें मित्रांच्या साह्यानें पहिलें मासिक काढलें. त्याचें नांव 'बारान्दाल', म्हणजे कठडा. तें थोडक्या अंकांत आटोपलें. त्यानंतर आणखी एक निघालें, तेंही बुडालें. वडील दारूच्या आहारीं गेले होते. एके दिवशीं ते रेल्वेगाडीखालीं सांपडून गेले. मुलगा तेव्हां विशी ओलांडून थोडाच पुढें गेला होता. या मृत्यूविषयीं त्यानें साठीस पोंचल्यावर एका दीर्घ काव्यांत लिहिलें. कायद्याचा अभ्यास त्यानें अर्धवट सोडला, आणि १९३७ सालीं युकातान प्रांतांत शेतमजुरांच्या मुलांना शिकविण्यासाठीं गेला. त्याच वर्षीं एलेना गार्रो हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि लगेच नवराबायको यादवी युद्धानें पेटलेल्या स्पेनमध्यें, फॅसिस्टविरोधी लेखकांच्या परिषदेस गेलीं.

त्या परिषदेंत एक गोष्ट घडली. आंद्रे जीद या फ्रेंच लेखकानें रशियाची यात्रा करून परत आल्यावर तेथील राजवटीवर टीका केली होती. त्याबद्दल त्याची भर सभेंत निर्भर्त्सना करण्यांत आली. पाझला ती पटली नाहीं, परंतु तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची बोचणी त्यानें पुढें आयुष्यभर बोलून दाखविली. त्याच्या संपादकीय हट्टाचें मूळ शोधावयाचें तर मी येथें शोधीन. १९३८ ते १९४१ या काळांत त्यानें चालविलेल्या 'तालेर' म्हणजे 'कर्मशाळा' या मासिकांत त्यानें स्पेनमधून परागंदा होऊन आलेल्या कवींना घरच्यासारखी जागा दिली. आणि १९५१ सालीं रशियांतील छळछावण्यांसंबंधींचे कागद त्यानें दूर ब्वेनोस आयरेस येथील 'सूर' नांवाच्या मासिकांत छापून आणले. त्याचे डावे मित्र दुरावले. मित्र दुरावणें हा प्रकार त्याच्या आयुष्यांत पुढें नेमानें होत राहिला.

१९५१ च्या अखेरीस बोटीनें तो मुंबईस उतरला. परराष्ट्रखात्यांत तो पांचसहा वर्षें आधीं शिरला होता, आणि दिल्लींत नव्यानें उघडलेल्या वकिलातींत त्याची नेमणूक झाली होती. गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल, रस्त्यांतील गर्दी, वास, रंग यांनीं त्याची मति गुंग झाली. आणि मग घारापुरीच्या लेण्यांतील त्रिमूर्तीसमोर तो उभा राहिला. ही पहिली भेट थोडक्या महिन्यांची झाली. पण तेवढ्यांत एक काम होऊन गेलें. सतीश गुजराल या, कानांनीं ऐकूं न येणाऱ्या, तरुण चित्रकारास मेक्सिकोस जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ति मिळाली, त्यांत पाझचा हात होता.

१९६२ सालीं तो राजदूत म्हणून परत आला आणि सहा वर्षें राहिला. दिल्लींत पृथ्वीराज रस्त्यावरील त्याच्या बंगल्यांत मोठी बाग होती, तींत एक कडुनिंब होता. मारी-जोझे या फ्रेंच बाईशीं त्याचा दुसरा विवाह झाला तो त्या निंबाखालीं. आपल्याकडे मुहूर्त पाहून मंडप घालतात. यांनीं झाडालाच मंडप मानलें. स्वामीनाथन् प्रभृति तरुण चित्रकारांचा जो 'ग्रूप १८९०' १९६३ सालीं पुढें आला, त्याच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेस पाझनें प्रस्तावना लिहिली. नागार्जुनापासून कामसूत्रापर्यंत आणि दख्खनच्या शाह्यांपासून गांधीजींपर्यंत त्यानें जें वाचलें व पाहिलें, त्याचा निष्कर्ष १९९५ सालच्या 'हिंदुस्थानचीं ओझरतीं दर्शनें' या पुस्तकांत आहे. आपल्या जातिसंस्थेविषयीं तो परखडपणें लिहितो. तें वाचतांना आपणांस सुख वाटत नाहीं, आणि वाटूंही नये.

या पुस्तकांतील स्वयंपाकाचीं पानें मात्र गृहिणींनीं मुद्दाम वाचावींत. मेक्सिकन लोकांचा 'मोले' हा तिखट, मसालेदार, घट्ट रस्सा आणि आपली आमटी-कालवण यांच्यांतील साम्य त्याला फार जाणवलें. तसेंच तेथील मक्याची भाकरी आणि आपली पोळी यांच्यांतील. मिरची तिकडून आपल्याकडे आली, हें तर सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या एकादशीच्या पानाकडे एकदां नीट पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, ज्या कंदाचा साबुदाणा करितात तो कंद. हे सारे जिन्नस त्या अमेरिका खंडांतले. पेरू, सीताफळ, चिकू हीं फळेंही तिकडचींच, आणि 'टोमॅटो' हा शब्द आझ्टेकांच्या भाषेंतून आलेला. चारशें वर्षांपूर्वींच्या परधर्मी खलाशांनीं आणलेल्या वस्तूंवर आपला उपास निघतो, ही गंमत सोवळ्याच्या घरांतही सांगण्यासारखी आहे.

आतां १९६८ साल. मेक्सिको शहरांत त्लातेलोल्को नांवाचा एक मोठा चौक आहे, त्याला 'तीन संस्कृतींचा चौक' म्हणतात. मध्यभागीं आझ्टेकांच्या देवळांचे काळे चौथरे, त्यांच्याच दगडांनीं बांधलेलें स्पॅनिश ख्रिस्तमंदिर, आणि सभोंवार विसाव्या शतकांतील राहत्या इमारती. १५२१ सालीं आझ्टेकांनीं शेवटचा लढा दिला तो येथेंच. याच चौकाच्या कांठीं तेव्हां परराष्ट्रखात्याची पांढरीशुभ्र उंच इमारत नवीन उभी होती. २ ऑक्टोबर १९६८ या दिवशीं संध्याकाळीं येथें विद्यार्थ्यांची सभा भरली असतां लष्करानें चौक वेढला आणि गोळीबार झाला. ऑलिंपिक सामने सुरू होण्यास अवघे दहा दिवस उरले होते. किती मेले याचा सरकारी आकडा लहान होता. पुढें शेंकड्यांचे आकडे सांगण्यांत आले. नक्की संख्येविषयीं आजही एकमत नाहीं. त्या इमारतींतून परराष्ट्रखातें हललें आहे. तेथें आतां विद्यापीठाचें सांस्कृतिक केंद्र आणि त्या रात्रीचें स्मारक आहे.

दिल्लींत बातमी पोंचली. दोन दिवसांनीं, ४ ऑक्टोबर रोजीं, पाझनें परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून राजदूताचें पद सोडलें. ऑलिंपिकच्या निमित्तानें भरणाऱ्या कविसंमेलनासाठीं त्याच्याकडे कविता मागण्यांत आली होती. त्याऐवजीं त्यानें त्या हत्याकांडावर एक छोटी, जळजळीत कविता पाठविली. हें वाचावयास सोपें वाटतें. चोपन्नाव्या वर्षीं, तेवीस वर्षांची नोकरी सोडावयाची, मायदेशीं परत जाण्यांत सुरक्षितता नाहीं, आणि साठविलेली संपत्ति म्हणावी तर पुस्तकें, अशी ती स्थिति होती. शिवाय घाव घरांतूनही आला. पहिल्या विवाहापासूनची त्याची मुलगी हेलेना हिनें त्याच महिन्यांत मेक्सिकोंतील वर्तमानपत्रांत पित्यास उघड पत्र लिहून त्याला दोष दिला. तिची आई एलेना गार्रो ही स्वतः मोठ्या योग्यतेची लेखिका होती. १९६३ सालची तिची कादंबरी मेक्सिकन साहित्यांत आज मानाच्या स्थानीं आहे, आणि त्या संसारांत तिच्या प्रतिभेची व्हावी तशी कदर झाली नाहीं, असें म्हणणारे जाणते वाचक पुष्कळ आहेत. मुलीच्या पत्रांतील मजकूर न्याय्य नव्हता असें मला वाटतें. पण आजोबा आणि वडील यांच्यामध्यें मिस्कोआकच्या टेबलाशीं बसणाऱ्या त्या मुलाच्या वांट्याला आतां बापाची खुर्ची आली होती, आणि समोरची बाजू रिकामी नव्हती.

हिंदुस्थान सरकारला औपचारिक निरोपसमारंभ करणें शक्य नव्हतें. तेव्हां इंदिरा गांधींनीं त्या जोडप्याला आपल्या घरीं खाजगी भोजनास बोलाविलें. दोघें आगगाडीनें मुंबईस आलीं. बोट सुटण्यापूर्वीं एका रविवारीं तीं पुन्हां घारापुरीस गेलीं. सुट्टीचा दिवस, बेटावर पोरांचा गलका, फराळाचे कागद विखुरलेले. आणि आंत ती त्रिमूर्ति. त्या रविवारावर त्याची एक सुंदर कविता आहे. सुएझचा कालवा १९६७ च्या युद्धापासून बंद असल्यामुळें बोट आफ्रिकेला वळसा घालून गेली, आणि त्या लांबलेल्या प्रवासांत, मुंबई आणि लास पाल्मास यांच्या दरम्यान, त्यानें दोन बागांची गोष्ट सांगणारें काव्य लिहिलें. एक बाग मिस्कोआकची, अंजिराच्या झाडाची. दुसरी दिल्लीची, निंबाची. पहिली तेव्हां उरलीच नव्हती, आणि दुसरी नुकतीच सुटली होती.

१९७१ सालीं तो मेक्सिकोस कायमचा परतला. राजकीय पक्ष काढ, असें म्हणणारे होते. त्यानें मासिक काढलें. 'एक्सेल्सिओर' या त्या वेळच्या अग्रगण्य दैनिकानें पैसा पुरविला, संपादकाला पूर्ण मोकळीक दिली, आणि ऑक्टोबर १९७१ मध्यें 'प्लुराल' म्हणजे 'अनेक' सुरू झालें. कविता, चित्रकला, तत्त्वज्ञान, आणि त्यांच्या जोडीला सरकारवर टीका आणि सरकारच्या विरोधकांवरही टीका, असा त्याचा बाज होता. पांच वर्षें हें सुरळीत चाललें. जुलै १९७६ मध्यें राष्ट्राध्यक्ष एचेवेर्रिया यांच्या पाठबळानें त्या दैनिकाचा संपादक हुलिओ शेरेर याला सहकारी सभासदांच्या सभेंत घालवून देण्यांत आलें. पाझच्या मासिकास कोणीं हात लावला नव्हता. तरी त्यानें आणि त्याच्या सर्व सहकाऱ्यांनीं एकदम राजीनामे दिले.

नोकरी सोडणें एक वेळ सोपें, पण चालतें मासिक सोडून देणें काय असतें हें ज्यानें कधीं अंक काढला आहे त्यालाच कळेल. वर्गणीदार, लेखक, छापखान्याचे वायदे, हें सारें पुन्हां शून्यापासून. रुफिनो तामायो या थोर चित्रकारानें आपलें एक चित्र दिलें. त्याची सोडत काढून भांडवल उभें राहिलें. कोणा एका धन्याचा पैसा घ्यावयाचा नाहीं, हा त्यांतील हेतु. डिसेंबर १९७६ मध्यें नवें मासिक निघालें, त्याचें नांव 'वुएल्ता', म्हणजे 'परत येणें'. त्याची पहिली कचेरी एका लहानशा घरांत होती. तें घर मिस्कोआकमध्यें, वाड्यापासून फार दूर नव्हे, अशा ठिकाणीं होतें.

'वुएल्ता' बावीस वर्षें चाललें. पूर्व युरोपांतील ज्या लेखकांचीं नांवें तेव्हां मेक्सिकोंत कोणी घेत नसे, ते मिवोश, कोवाकोव्स्की, कुंदेरा येथें स्पॅनिशमध्यें वाचावयास मिळाले. त्याच्या पानांवर वाद फार झाले, आणि ते सभ्य भाषेंतच होत असें नाहीं. १९८४ सालीं निकाराग्वाच्या क्रांतिकारी सरकारवर पाझनें जर्मनींतील एका भाषणांत टीका केली, तेव्हां मेक्सिको शहरांत निदर्शकांनीं त्याची प्रतिमा रस्त्यांत जाळली. सोळा वर्षांपूर्वीं तरुणांसाठीं ज्यानें पद सोडलें, त्याचीच ती प्रतिमा!

टीकाकारांचें सारेंच म्हणणें खोटें नव्हतें. उत्तरायुष्यांत पाझ सत्ताधाऱ्यांच्या फार निकट गेला. देशांतील सर्वांत मोठ्या खाजगी दूरदर्शन कंपनीचें त्याला साह्य असे, आणि त्या कंपनीचें सरकारशीं सख्य सर्वांना ठाऊक होतें. १९९० सालीं 'वुएल्ता'नें जगभरचे विचारवंत बोलावून जी परिषद भरविली, ती याच कंपनीनें प्रक्षेपित केली. तेथें पेरू देशाचा कादंबरीकार वार्गास योसा यानें, मेक्सिको ही एक परिपूर्ण हुकुमशाही आहे, असें यजमानासमोरच म्हटलें. पाझनें तेथल्या तेथें त्याला अडविलें : एका पक्षाचें वर्चस्व म्हणा, हुकुमशाही नव्हे. शब्दाच्या काटेकोरपणांत पाझ कदाचित् बरोबर असेल; पण ज्या पाहुण्याला आपणच बोलाविलें त्याचें वाक्य दुरुस्त करण्याची घाई त्या संध्याकाळीं त्याच्या जुन्या चाहत्यांना रुचली नाहीं. मलाही रुचत नाहीं. मात्र एवढें खरें, कीं तें वाक्य त्याच्याच मंडपांत उच्चारलें गेलें आणि सबंध देशानें ऐकलें.

डिसेंबर १९९६ मध्यें शहरांतील त्याच्या राहत्या जागेस आग लागली. पुष्कळ पुस्तकें जळालीं. त्यांत आजोबांच्या संग्रहांतून चालत आलेलीं जुनीं पुस्तकेंही होतीं. वृद्ध आणि आजारी पाझ परत त्या घरीं गेला नाहीं. कोयोआकान या जुन्या उपनगरांत, झाडांच्या सावलींतील फ्रान्सिस्को सोसा रस्त्यावर, 'कासा दे आल्वारादो' नांवाचें एक जुनें, नक्षीदार भिंतींचें घर आहे. तेथें त्याची राहण्याची सोय करण्यांत आली. १९९७ च्या डिसेंबरांत त्याच्या नांवाची एक संस्था तेथेंच स्थापन झाली, त्या वेळीं चाकांच्या खुर्चींत बसून तो थोडा वेळ बोलला. मेक्सिकोच्या खोऱ्यावरील सूर्याविषयीं आणि ढगांविषयीं बोलला, असें हजर असलेल्यांनीं लिहिलें आहे. १९ एप्रिल १९९८ रोजीं त्याचा अंत झाला. 'वुएल्ता'चा शेवटचा अंक त्याच वर्षीं निघाला, आणि पुढल्या जानेवारींत त्याचा सहकारी एन्रिके क्राउझे यानें 'लेत्रास लिब्रेस' म्हणजे 'मुक्त अक्षरें' हें मासिक सुरू केलें.

कासा दे आल्वारादोमध्यें आतां राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय आहे. रस्त्यावरून आंत गेलें कीं मागें बाग लागते. मेक्सिकोंत कोठकोठें आणि कोणकोणत्या वर्षीं ध्वनिमुद्रित केलेले आवाज तेथें जपून ठेविले आहेत. बाजारांतील आरोळ्या आहेत, इंडियन लोकांच्या बोली आहेत, आणि कवींचे आवाजही आहेत. ज्याला ऐकावयाचें असेल त्यानें आंत जाऊन बसावें.